इंटरफेसचे आकार-समायोजन (व्हिडिओ गेम)

इंटरफेसचे आकार-समायोजन म्हणजे व्हिडिओ गेम खेळताना पडद्यावर दिसणारी अक्षरे, बटणे, चिन्हे, छोटे नकाशे, मेनू इत्यादी घटक मूळ आकारापेक्षा लहान किंवा मोठे करून दाखवण्याची सोय होय. ही सोय खेळातील दृश्यापासून स्वतंत्र असते. झाडे, इमारती, पात्रे यांचा आकार तसाच राहतो. त्यांच्यावर रेखाटलेला माहितीचा थर तेवढा बदलतो. बहुतेक खेळांत हा पर्याय ‘सेटिंग्ज’मधील चित्रविषयक किंवा सुलभताविषयक विभागात सरकपट्टीच्या, टक्केवारीच्या किंवा ‘लहान–मध्यम–मोठा’ अशा निवडीच्या स्वरूपात आढळतो.

वरवर पाहता हा सोयीचा एक किरकोळ पर्याय वाटतो. परंतु पडद्यांचे आकार, त्यांची पिक्सेल-घनता, पाहणाऱ्याचे अंतर आणि त्याची दृष्टी यांत इतकी तफावत असते की कोणताही एक ठरावीक आकार सर्वांना पुरत नाही. अक्षरे वाचता आली नाहीत तर खेळाचे नियम, संवाद आणि उद्दिष्टे कळत नाहीत. त्यामुळे खेळ कोणाला खेळता येईल, हे काही अंशी या पर्यायावर अवलंबून असते.

संज्ञा आणि घटक

खेळाच्या इंटरफेसचे साधारणपणे दोन भाग पाडले जातात. पहिला भाग म्हणजे खेळ चालू असताना सतत दिसणारी माहिती: उरलेली शक्ती, शस्त्रसाठा, गुणसंख्या, दिशादर्शक, छोटा नकाशा इत्यादी. याला ‘हेड-अप डिस्प्ले’ किंवा संक्षेपाने ‘एचयूडी’ म्हणतात. ही संज्ञा विमानविद्येतून आली आहे. वैमानिकाला मान खाली न घालता समोरच्या काचेवरच उड्डाणाची माहिती दिसावी, यासाठी केलेल्या योजनेचे ते नाव होते. दुसरा भाग म्हणजे खेळ थांबवून उघडले जाणारे मेनू, सामानाची यादी, संवादाच्या चौकटी आणि सेटिंग्जची पाने.

आकार-समायोजनाचे तीन स्तर आढळतात. काही खेळांत संपूर्ण इंटरफेस एकाच प्रमाणात लहान-मोठा होतो. काही खेळांत केवळ अक्षरांचा किंवा केवळ उपशीर्षकांचा आकार बदलता येतो. तिसऱ्या प्रकारात प्रत्येक घटकाचा आकार आणि स्थान वेगवेगळे ठरवता येते.

पार्श्वभूमी

१९९० च्या दशकातील अनेक संगणकीय खेळ एकाच ठरावीक रेझोल्यूशनसाठी तयार केले जात. १९९८ साली प्रकाशित झालेला ‘स्टारक्राफ्ट’ ६४० × ४८० पिक्सेलमध्ये चालत असे. २००० सालचा ‘डायब्लो २’ देखील मूळ स्वरूपात ६४० × ४८० मध्येच होता. २००१ च्या ‘लॉर्ड ऑफ डिस्ट्रक्शन’ या विस्तारात ८०० × ६०० चा पर्याय जोडण्यात आला. अशा खेळांत इंटरफेसची चित्रे पिक्सेल मोजून हाताने रेखाटलेली असत. पडद्याचे रेझोल्यूशन ठरलेले असल्यामुळे त्यांचा आकार बदलण्याचा प्रश्नच उद्भवत नसे.

रेझोल्यूशन निवडण्याची मुभा मिळू लागली तेव्हा एक विसंगती पुढे आली. १६ पिक्सेल उंचीचे अक्षर ४८० पिक्सेल उंचीच्या पडद्यावर एकूण उंचीचा ३० वा भाग व्यापते. तेच अक्षर तितक्याच पिक्सेलमध्ये २१६० पिक्सेल उंचीच्या, म्हणजे ‘४के’ पडद्यावर दाखवले तर ते उंचीचा केवळ १३५ वा भाग व्यापते. रेझोल्यूशन वाढवल्यामुळे दृश्य अधिक रेखीव होते, पण पिक्सेलमध्ये मोजलेला इंटरफेस आक्रसतो. जुने खेळ नव्या मॉनिटरवर चालवताना कोपऱ्यात मुंगीएवढी बटणे दिसतात, ती याच कारणामुळे.

पिक्सेल, इंच आणि अंतर

इंटरफेसचा आकार तीन वेगवेगळ्या परिमाणांत मोजता येतो आणि या तिन्हींचा गोंधळ झाल्यास समायोजन चुकते.

पहिले परिमाण पिक्सेलचे. दुसरे प्रत्यक्ष लांबीचे, म्हणजे मिलिमीटर किंवा इंचाचे. २४ इंची कर्णाच्या १९२० × १०८० मॉनिटरवर एका इंचात सुमारे ९२ पिक्सेल मावतात. त्यावर १६ पिक्सेलचे अक्षर सुमारे ४.४ मिलिमीटर उंच दिसते. त्याच आकाराच्या ३८४० × २१६० मॉनिटरवर एका इंचात सुमारे १८४ पिक्सेल असतात आणि तेच अक्षर २.२ मिलिमीटरचे होते.

तिसरे परिमाण डोळ्याशी होणाऱ्या कोनाचे. वाचनीयता अखेर यावरच ठरते. मेजावरील मॉनिटर साधारण ६० सेंटिमीटरवर असतो, तर दिवाणखान्यातील दूरचित्रवाणी संच सुमारे ३ मीटरवरून पाहिला जातो. अंतर पाचपट झाल्यामुळे तेवढ्याच सुलभतेने वाचता येण्यासाठी अक्षरही पाचपट उंच लागते. २४ इंची मॉनिटरऐवजी ५५ इंची संच घेतला तरी चित्र केवळ सुमारे २.३ पट मोठे होते. म्हणजे मोठा पडदा असूनही खेळाडूच्या डोळ्याला अक्षर मेजावरच्या मॉनिटरपेक्षा निम्म्याहून लहान भासते.

समायोजनाच्या पद्धती

स्थिर पिक्सेल-आकार: घटक ठरावीक पिक्सेलमध्येच रेखाटले जातात. चित्र सुबक राहते, परंतु पिक्सेल-घनता वाढली की घटक लहान होतात.

पडद्याच्या प्रमाणात आकार: रचनाकार एक संदर्भ-रेझोल्यूशन ठरवतो आणि प्रत्यक्ष पडदा त्याच्या किती पट आहे त्यानुसार सर्व घटक वाढवले जातात. १९२० × १०८० हा संदर्भ धरल्यास ३८४० × २१६० पडद्यावर गुणक २ येतो. मात्र पडद्याचे गुणोत्तर वेगळे असेल तर रुंदी प्रमाण मानायची की उंची, हा प्रश्न पडतो. ३४४० × १४४० या अतिरुंद मॉनिटरवर रुंदीनुसार गुणक सुमारे १.७९, तर उंचीनुसार १.३३ येतो. रुंदी प्रमाण मानल्यास बटणे अवाजवी मोठी होतात.

प्रत्यक्ष लांबीनुसार आकार: पडद्याची पिक्सेल-घनता विचारात घेऊन घटक ठरावीक मिलिमीटरचे ठेवले जातात. स्पर्शाने चालणाऱ्या उपकरणांत ही पद्धत विशेष उपयोगी पडते, कारण पडदा कोणताही असला तरी बोटाचा आकार बदलत नाही. अँड्रॉइड प्रणालीत यासाठी ‘डीपी’ हे एकक वापरतात. इंचाला १६० पिक्सेल असलेल्या पडद्यावर १ डीपी म्हणजे १ पिक्सेल. स्पर्शाचे बटण किमान ४८ × ४८ डीपी असावे, अशी अँड्रॉइडच्या मार्गदर्शक तत्त्वांची शिफारस आहे.

‘युनिटी’ या गेम इंजिनातील ‘कॅनव्हास स्केलर’ या घटकात वरील तिन्ही पद्धती उपलब्ध आहेत. ‘अनरिअल इंजिन’मध्ये पडद्याच्या उंची-रुंदीनुसार गुणक ठरवणारी एक वक्ररेषा असते, तिच्या पूर्वनियोजित स्वरूपात पडद्याची लहान बाजू आधार मानली जाते आणि १०८० पिक्सेलला गुणक १ येतो.

सुबकता आणि धूसरता

गुणक पूर्णांक असेल तर पिक्सेल-चित्राचा प्रत्येक ठिपका २ × २, ३ × ३ अशा समान चौकोनांत रूपांतरित होतो आणि चित्र सुबक राहते. गुणक १.५ असेल तर काही ठिपके एका पिक्सेलचे, तर काही दोन पिक्सेलचे होतात. त्यामुळे रेषा कमी-अधिक जाड दिसतात. ही विषमता टाळण्यासाठी शेजारच्या रंगांची सरासरी घेतली तर कडा धूसर होतात.

यावर अनेक उपाय आहेत. रेषा आणि वक्र गणिती रूपात साठवणाऱ्या सदिश चित्रांना कोणताही गुणक चालतो. २००७ मध्ये व्हॉल्व्ह कंपनीतील ख्रिस ग्रीन यांनी आकृतीच्या कडेपासूनचे अंतर चित्रात साठवण्याची एक पद्धत मांडली. तिच्यामुळे कमी रेझोल्यूशनच्या चित्रातूनही मोठी आणि रेखीव अक्षरे व चिन्हे रेखाटणे शक्य झाले. चौकटींसाठी ‘नऊ-खंड’ पद्धत वापरतात. तीत चौकटीचे चार कोपरे, चार कडा आणि मधला भाग वेगळे केले जातात. कोपरे तसेच राहतात, कडा एकाच दिशेने आणि मधला भाग दोन्ही दिशांनी ताणला जातो. त्यामुळे चौकट लांबवली तरी तिची नक्षी बिघडत नाही.

संचालन प्रणालीचे स्वतःचे समायोजन हाही यातील एक पैलू आहे. विंडोज प्रणालीत इंचाला ९६ ठिपके म्हणजे १०० टक्के असे गृहीत धरले जाते. एखाद्या खेळाने आपण पिक्सेल-घनता हाताळतो असे प्रणालीला कळवले नसेल आणि प्रणालीचे प्रमाण १५० टक्के असेल, तर तयार झालेले संपूर्ण चित्र ताणले जाऊन धूसर दिसू शकते. शिवाय बटणाचे चित्र मोठे करताना माउसच्या टिचकीला प्रतिसाद देणारे क्षेत्रही त्याच प्रमाणात वाढवावे लागते. तसे न केल्यास बटण एका जागी दिसते आणि टिचकी दुसऱ्याच जागी लागू होते.

उदाहरण: माइनक्राफ्ट

‘माइनक्राफ्ट’च्या जावा आवृत्तीतील इंटरफेस-आकाराचा पर्याय हे पूर्णांक पद्धतीचे सुपरिचित उदाहरण आहे. या खेळातील वस्तूंची मूळ चिन्हे १६ × १६ पिक्सेलची असतात. खेळाडू १, २, ३ असा गुणक निवडू शकतो किंवा निवड खेळावर सोपवू शकतो. गुणक ४ असता तेच चिन्ह ६४ × ६४ पिक्सेलमध्ये दिसते.

कमाल गुणक ठरवताना एक अट पाळली जाते: खिडकीची रुंदी गुणकाने भागल्यावर किमान ३२० आणि उंची भागल्यावर किमान २४० उरली पाहिजे. त्यानुसार येणारे कमाल गुणक असे:

• ८५४ × ४८० — २
• १२८० × ७२० — ३
• १९२० × १०८० — ४
• ३८४० × २१६० — ९

या अटीचा व्यावहारिक अर्थ मोठ्या पेटीच्या उदाहरणातून स्पष्ट होतो. दुहेरी पेटी उघडल्यावर दिसणारी चौकट मूळ मापात १७६ पिक्सेल रुंद आणि २२२ पिक्सेल उंच असते. १०८० उंचीच्या पडद्यावर गुणक ४ असता ती ८८८ पिक्सेल उंच होते आणि सहज मावते. गुणक ५ दिला असता तर ती १११० पिक्सेलची होऊन पडद्याबाहेर गेली असती. आकार वाढवण्याची मुभा देताना कमाल मर्यादा घालावी लागते, ती अशा कारणांसाठी.

गुणकाचा परिणाम दृश्यावरही होतो. पडद्याच्या तळाशी असलेली वस्तूंची पट्टी मूळ मापात १८२ पिक्सेल रुंद आहे. १९२० रुंदीच्या पडद्यावर गुणक १ असता ती रुंदीचा सुमारे साडेनऊ टक्के भाग व्यापते, तर गुणक ४ असता सुमारे ३८ टक्के.

उदाहरण: वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट

२००४ साली प्रकाशित झालेल्या ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’ या ऑनलाइन खेळात इंटरफेस पिक्सेलऐवजी काल्पनिक एककांत मोजला जातो. प्रमाण १ असता पडद्याची संपूर्ण उंची ७६८ एकके मानली जाते. त्यामुळे १०८० पिक्सेल उंचीच्या पडद्यावर एक एकक सुमारे १.४ पिक्सेलचे होते आणि बारीक रेषा कधी एक, तर कधी दोन पिक्सेलच्या दिसू शकतात. एक एकक बरोबर एक पिक्सेल व्हावे यासाठी काही खेळाडू प्रमाण ७६८ ÷ १०८०, म्हणजे सुमारे ०.७१ ठेवतात.

या खेळात इंटरफेस बदलण्यासाठी खेळाडूंनी लिहिलेल्या पूरक आज्ञावल्यांची मोठी परंपरा आहे. २०२२ मधील ‘ड्रॅगनफ्लाइट’ विस्ताराच्या वेळी घटक सरकवण्याची आणि त्यांतील अनेकांचे आकार वेगवेगळे ठरवण्याची सोय मूळ खेळातच देण्यात आली.

दूरचित्रवाणी संच आणि हातातील उपकरणे

कन्सोलवरील खेळांत आकाराचा प्रश्न २००० च्या दशकाच्या मध्यास तीव्र झाला. त्या काळात उच्च रेझोल्यूशनचे संच बाजारात येत होते, तर अनेक घरांत जुनेच संच होते. २००६ साली एक्सबॉक्स ३६० साठी प्रकाशित झालेल्या ‘डेड रायझिंग’ या खेळातील मजकूर जुन्या, साध्या रेझोल्यूशनच्या संचांवर वाचता येत नसल्याची तक्रार मोठ्या प्रमाणावर झाली. विकासक ज्या पडद्यावर काम करतो तो आणि खेळाडूच्या घरी असलेला पडदा यांतील अंतराचे हे उदाहरण म्हणून आजही सांगितले जाते. २०१५ सालच्या ‘द विचर ३’ मधील बारीक अक्षरांविषयीही अशीच नाराजी व्यक्त झाली आणि प्रकाशनानंतरच्या सुधारित आवृत्तीत अक्षरांचा आकार वाढवण्यात आला.

जुने संच चित्राच्या कडा थोड्या कापत असत. म्हणून महत्त्वाची माहिती कडेपासून काही अंतर आत, ‘सुरक्षित क्षेत्रात’ ठेवण्याचा प्रघात पडला. आजही अनेक खेळांत आकारासोबतच कडेपासूनचे हे अंतर कमी-जास्त करता येते.

हातात धरून खेळायच्या उपकरणांत अडचण उलट असते: पडदा जवळ असतो, पण लहान. २०२२ मध्ये आलेल्या ‘स्टीम डेक’चा मूळ पडदा ७ इंची असून त्याचे रेझोल्यूशन १२८० × ८०० आहे. मेजावरील मॉनिटरसाठी तयार केलेला खेळ त्यावर जसाच्या तसा दाखवला तर अक्षरे फार बारीक होतात. म्हणून या उपकरणासाठी खेळ तपासताना, पडद्यावरील सर्वांत लहान अक्षरही ९ पिक्सेलपेक्षा कमी उंचीचे नसावे, असा निकष व्हॉल्व्हने ठेवला. या पडद्यावर ९ पिक्सेल म्हणजे जेमतेम १ मिलिमीटर.

सुलभता

मंददृष्टी असलेल्या व्यक्तींसाठी आकार-समायोजन ही मूलभूत गरज असते. चाळिशीनंतर जवळचे बारीक अक्षर दिसेनासे होणे ही तर बहुतेकांच्या वाट्याला येणारी स्थिती आहे. लहानपणी संगणकीय खेळ खेळलेली पिढी आज त्या वयात पोहोचली असल्याने या सोयीची गरज केवळ अपंगत्वापुरती मर्यादित राहिलेली नाही. हाताच्या हालचालींवर मर्यादा असलेल्या खेळाडूंनाही मोठ्या बटणांवर नेम साधणे सोपे जाते.

संकेतस्थळांसाठीच्या ‘डब्ल्यूसीएजी’ या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांत मजकूर २०० टक्क्यांपर्यंत मोठा केला तरी आशय किंवा उपयुक्तता कमी होऊ नये, असा निकष २००८ पासून आहे. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘गेम ॲक्सेसिबिलिटी गाइडलाइन्स’मध्ये वाचनीय मूळ आकार आणि आकार बदलण्याची सोय या दोन्हींची शिफारस आहे. मायक्रोसॉफ्टच्या ‘एक्सबॉक्स ॲक्सेसिबिलिटी गाइडलाइन्स’नुसार १०८० उंचीच्या चित्रात कन्सोलवरील मजकूर किमान २६ पिक्सेल आणि संगणकावरील मजकूर किमान १८ पिक्सेल असावा. दोन आकड्यांतील फरक पाहण्याच्या अंतरातून येतो. २०२० साली प्रकाशित झालेल्या ‘द लास्ट ऑफ अस पार्ट २’ मध्ये सुलभतेचे ६० हून अधिक पर्याय होते आणि त्यांत एचयूडी व मजकूर मोठा करण्याच्या पर्यायांचाही समावेश होता.

खेळ प्रथमच सुरू करताना हे पर्याय समोर यावेत, हा या संदर्भातील एक महत्त्वाचा मुद्दा आहे. अक्षरे मोठी करण्याचा पर्याय बारीक अक्षरांतील मेनूच्या तिसऱ्या-चौथ्या पातळीवर दडलेला असेल, तर ज्याला त्याची गरज आहे त्यालाच तो सापडत नाही.

लिपी आणि आकार

किमान आकाराचे निकष बहुधा रोमन लिपी डोळ्यांसमोर ठेवून मांडलेले असतात. रोमन अक्षर ५ × ७ ठिपक्यांच्या जाळ्यातही ओळखता येते. देवनागरीत शिरोरेषेच्या वर वेलांटी, मात्रा, रफार आणि अनुस्वार येतात, तर खाली उकार, ऋकार आणि जोडाक्षरांचे भाग येतात. ‘महाराष्ट्र’ या शब्दातील ‘ष्ट्र’ किंवा ‘कर्तृत्व’मधील ‘र्तृ’ यांसारखी अक्षरे थोड्या पिक्सेलमध्ये बसवली तर त्यांचे अवयव एकमेकांत मिसळतात. एकाच फॉन्ट-आकारात मूळ व्यंजनाच्या वाट्याला रोमन अक्षरापेक्षा कमी उंची येऊ शकते. त्यामुळे देवनागरी मजकुरासाठी मोठा आकार आणि दोन ओळींत अधिक अंतर ठेवावे लागते.

याचा परिणाम चौकटींवरही होतो. रोमन अक्षरांच्या मापाने आखलेल्या बटणात देवनागरी शब्द टाकल्यास वरच्या मात्रा किंवा खालचे उकार छाटले जाण्याचा संभव असतो. म्हणून भाषांतरित होणाऱ्या खेळांत चौकटीची उंची मजकुरानुसार वाढेल अशी लवचीक मांडणी करणे इष्ट मानले जाते. चिनी आणि जपानी लिप्यांतील अनेक रेषांच्या चित्राक्षरांनाही अशीच अडचण येते.

मर्यादा

घटकाची लांबी-रुंदी दुप्पट केली की त्याचे क्षेत्रफळ चौपट होते. त्यामुळे इंटरफेस मोठा करताना दृश्याचा भाग वेगाने झाकला जातो आणि शेजारचे घटक एकमेकांवर चढू लागतात. मजकूर मोठा केल्यावर वाक्ये अधिक ओळींत मोडतात, चौकटीत गुंडाळीपट्टी लागते किंवा मजकूर पानांत विभागावा लागतो. स्पर्धात्मक खेळांत काही खेळाडू नेमक्या याच कारणासाठी इंटरफेस मुद्दाम लहान ठेवतात, जेणेकरून समोरचे दृश्य अधिक दिसावे.

प्रत्येक आकार, प्रत्येक गुणोत्तर आणि प्रत्येक भाषा यांच्या सर्व जोड्या तपासणे खर्चिक असते. म्हणून ही सोय खेळ पूर्ण झाल्यावर जोडण्यापेक्षा आराखड्याच्या टप्प्यातच विचारात घेणे अधिक सोपे ठरते. पिक्सेलमध्ये बांधलेली मांडणी नंतर सैल करायची तर तिच्यातील जवळपास प्रत्येक चौकट नव्याने आखावी लागते.